एक घाव दोन तुकडे: लाइटसेबर गेममध्ये कशी घडली

ब्राका नावाच्या ग्रहावर जुनी अंतराळयानं मोडीत काढली जातात. वरून पाऊस, खाली गंजलेलं लोखंड. तिथला एक मजूर, कॅल केस्टिस, पाच वर्षं आपली ओळख लपवून राहतोय. डोळ्यांदेखत त्याचा मित्र मारला जातो, तेव्हा तो अंगावर दडवलेली लाइटसेबर, म्हणजे ‘स्टार वॉर्स’मधल्या जेडाय योद्ध्यांची प्रकाशाच्या पात्याची तलवार, बाहेर काढतो. ‘स्टार वॉर्स जेडाय: फॉलन ऑर्डर’ हा गेम खऱ्या अर्थाने तिथून सुरू होतो. बटण दाबलं की निळं पातं फिरतं आणि समोरचा स्टॉर्मट्रूपर, म्हणजे शत्रूचा साधा शिपाई, एका फटक्यात आडवा होतो. पण थोड्या वेळाने असा शत्रू समोर येतो की तोच फटका तो अडवतो, पुन्हा अडवतो, आणि आपल्याला थांबून विचार करावा लागतो.

या दोन क्षणांमधला तोल साधायला गेम बनवणाऱ्यांना फार वर्षं लागली. रिस्पॉन एंटरटेनमेंटचा हा गेम १५ नोव्हेंबर २०१९ रोजी आला. त्याची मुळं मात्र १९८३ पर्यंत मागे जातात.

अडचण शस्त्रातच आहे. १९७७ च्या पहिल्या ‘स्टार वॉर्स’ चित्रपटापासून लाइटसेबरचा एकच गुण ठरलेला: तिचं पातं लागलं की विषय संपला. एक घाव दोन तुकडे. शिवाय चित्रपटाचे ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी प्रोजेक्टरच्या मोटरची घरघर आणि टीव्हीच्या नळीचा गुणगुणाट एकत्र करून तिला जो आवाज दिला, त्याने ती पडद्यावर नुसती स्थिर धरलेली असली तरी जिवंत वाटते. गेमची गोष्ट उलटी असते. तिथे शत्रूला शक्ती असते, ती घटत जाते, त्या घटण्यातच खेळ असतो. एका घावात सगळे मेले तर खेळायला काही उरत नाही. दहा घाव घालावे लागले तर हातात लाइटसेबर नाही, नुसती चमकणारी काठी आहे.

सुरुवातीच्या गेम्सनी हा प्रश्न टाळलाच. १९८२ साली पार्कर ब्रदर्सने अटारी २६०० साठी आणलेल्या गेममध्ये छोटं यान उडवत बर्फावर चालणारे अवाढव्य यांत्रिक पशू पाडायचे होते. १९८३ चा अटारीचा आर्केड गेम त्या काळातला चमत्कारच होता. काळ्या पडद्यावर रंगीत रेषांनी उभा केलेला डेथ स्टार (चित्रपटातलं शत्रूचं अवाढव्य अंतराळ-केंद्र), हातात विमानासारखा दांडा, कानावर चित्रपटातले खरे आवाज. डेथ स्टारवरच्या खंदकातून जाताना शेवटच्या लक्ष्यापर्यंत एकही गोळी झाडली नाही तर ‘फोर्स’, म्हणजे जेडायांची अदृश्य शक्ती, वापरल्याबद्दल जादा गुण मिळत. ही कल्पना मला आजही फार आवडते, कारण तिथे काही न करणं हेच कौशल्य होतं. लाइटसेबरची पहिली धडपड त्याच वर्षीची, पार्कर ब्रदर्सचीच: ‘जेडाय अरीना’. दोन योद्धे समोरासमोर, दृश्य थेट वरून, मधोमध एक गोळा. गोळ्यातून निघणारे किरण समोरच्याच्या ढालीवर मारायचे. लाइटसेबर म्हणजे पडद्यावरची एक छोटी रेघ.

स्टार वॉर्सचे जनक जॉर्ज लुकास यांच्या लुकासफिल्म कंपनीचा स्वतःचा गेम विभाग, म्हणजे पुढचं लुकासआर्ट्स, १९८२ पासूनच होता. पण स्टार वॉर्सच्या गेमचे हक्क बाहेरच्या कंपन्यांकडे गेले होते, म्हणून हा विभाग कित्येक वर्षं दुसरंच काही बनवत बसला. १९९३ साली ‘एक्स-विंग’ आला, म्हणजे पुन्हा यानच.

पायी चालणारा नायक त्यांच्याकडे १९९५ च्या ‘डार्क फोर्सेस’मध्ये आला. ‘डूम’ने नुकतीच नायकाच्या डोळ्यांतून दिसणारी बंदूकबाजी घरोघरी पोचवली होती. लुकासआर्ट्सने त्यासाठी ‘जेडाय’ नावाचं स्वतःचं इंजिन, म्हणजे गेम ज्यावर चालतो तो सॉफ्टवेअरचा पाया, बांधलं. त्यात वर-खाली पाहता येई, उडी मारता येई, वाकून सरपटता येई. ‘डूम’मध्ये यातलं काहीच नव्हतं. नायक काइल कटार्न हा चित्रपटांत कुठेही नसलेला, भाडोत्री कामं करणारा माणूस. पहिल्याच मोहिमेत तो डेथ स्टारचे आराखडे चोरतो. इंजिनाचं नाव जेडाय, आणि अख्ख्या गेममध्ये खेळणाऱ्याच्या हाती लाइटसेबर नाही! लोकांना हीच चुटपुट लागून राहिली.

ती दोन वर्षांनी मिटली. ऑक्टोबर १९९७ मध्ये ‘जेडाय नाइट’ आला आणि काइलच्या हातात पातं आलं. सुरुवातीला नाही, काही टप्पे बंदुकीवर काढल्यानंतर. सोबत फोर्सच्या शक्ती आल्या आणि त्यातून उजेडाची वा अंधाराची वाट ठरू लागली. निरपराध माणसं मारली, काळ्या शक्ती घेतल्या, तर शेवट वेगळा. द्वंद्व मात्र अजून ओबडधोबड होतं. दोघेही एकमेकांभोवती पळत हवेत हात चालवायचे, आणि कुठला वार का लागला हे कळायचं नाही.

माझ्या मते खरी कलाटणी मार्च २००२ मधली, ‘जेडाय आउटकास्ट’ची. तो रेव्हन सॉफ्टवेअरने ‘क्वेक ३’ या गेमच्या इंजिनावर बांधला. त्यांनी वार म्हणजे ‘बटण दाबलं, समोर कोणी असेल तर इजा’ असा हिशेब ठेवला नाही. पातं ही एक लांब वस्तू आहे आणि ती फिरताना ज्याला स्पर्श करेल त्याला भाजेल, असं धरलं. भिंतीजवळ उभं राहून नुसतं गोल फिरलं तरी दगडावर तापलेली केशरी रेघ उमटायची आणि हळूहळू विझायची. पहिल्यांदा खेळणारे कितीतरी जण शत्रू सोडून भिंतीच गिरवत बसत. लढाईचे तीन ढंग होते: जलद, मध्यम आणि जड. जलद ढंगात वार हलके पण सलग. जड ढंगात हात वर उचलायलाच वेळ लागे, पण तो बसला की समोरचा उठत नसे. साधा शिपाई एका वारात पडे, आणि लाइटसेबर धरलेला प्रतिस्पर्धी वार अडवी. चुरस शत्रूच्या शक्तीच्या आकड्यातून निघून त्याच्या बचावात आली. कोडं सुटलं ते इथे.

या गेमच्या मल्टिप्लेअरमध्ये तर रीतभातच तयार झाली. द्वंद्वापूर्वी वाकून नमस्कार करायचा. ज्याने पातं विझवलं आहे त्याच्यावर हात टाकायचा नाही. असा कुठलाही नियम गेममध्ये लिहिलेला नव्हता. खेळणाऱ्यांनीच तो घातला आणि मोडणाऱ्याला सुनावलं. २००३ च्या ‘जेडाय अकॅडमी’त दोन पाती आणि दुतोंडी पातं आलं, म्हणून द्वंद्वं आणखी रंगली.

‘द फोर्स अनलीश्ड’ने २००८ मध्ये दुसरी बाजू, फोर्सची, उचलली. धक्क्याने उडालेला माणूस हवेतच जवळच्या वस्तूला धरू पाहतो, लाकूड लाकडासारखं फुटतं, धातू वाकतो, हे सगळं त्या वेळी थक्क करणारं होतं. पण त्या नादात लाइटसेबर बोथट झाली. साधे शिपाईही वारामागून वार झेलत उभे राहत. शक्तीच्या बाबतीत तो गेम भव्य होता, पातं मात्र दुय्यम झालं, आणि मला ते तेव्हाही खटकलं होतं.

मग मोठी पोकळी. २०१२ मध्ये डिस्नेने लुकासफिल्म विकत घेतली, एप्रिल २०१३ मध्ये लुकासआर्ट्सचं गेम बनवणं बंद झालं. त्याच दिवशी रेव्हनने ‘आउटकास्ट’ आणि ‘अकॅडमी’चा सोर्स कोड (गेमची मूळ आज्ञावली) खुला केला, त्यामुळेच ते दोन्ही गेम चाहत्यांना नव्या संगणकांवर जिवंत ठेवता आले. पुढच्या महिन्यात मोठ्या गेम्सचे हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे गेले. त्यांचे ‘बॅटलफ्रंट’ प्रामुख्याने ऑनलाइन रणांगणाचे होते. एकट्याने कथेसह खेळावा असा व्हिसरल स्टुडिओचा गेम २०१७ मध्ये स्टुडिओसकट गुंडाळला गेला.

म्हणून ‘फॉलन ऑर्डर’वर एवढी भिस्त होती. दिग्दर्शक स्टिग अस्मुसेन हे ‘गॉड ऑफ वॉर ३’चे दिग्दर्शक, जवळून होणारी मारामारी वजनदार कशी वाटावी हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी ‘आउटकास्ट’चं उत्तर नव्या मापाने मांडलं. तगड्या शत्रूच्या शक्तीखेरीज त्याच्या बचावाची वेगळी पट्टी दाखवली. नेमक्या क्षणी वार परतवला की ती पट्टी घसरते, ती संपली की तो उघडा पडतो, आणि मग पातं हवं तसं कापतं. बंदुकीची गोळीही नेमक्या क्षणी अडवली तर झाडणाऱ्याकडेच परत जाते.

एक हात मात्र आखडता राहिला: या गेममध्ये प्राणी आणि यंत्रमानव तुटतात, माणसं तुटत नाहीत. एप्रिल २०२३ च्या ‘जेडाय: सर्व्हायव्हर’मध्ये स्टॉर्मट्रूपरचा हातही तुटून पडू लागला. आणि लढण्याचे ढंग पाच झाले. त्यातला एक जड, सावकाश, आडव्या मुठीच्या पात्याचा आहे. हात उचलायलाच वेळ लागतो, पण बसला की समोरचा उठत नाही.