बास मासेमारी : रॉड व रीळ यांची जोडणी

लार्जमाउथ बास या उत्तर अमेरिकेतील गोड्या पाण्याच्या माशाला नकली आमिषाने पकडण्याच्या अनेक पद्धती आहेत आणि जवळजवळ प्रत्येक पद्धतीसाठी रॉड, रीळ व दोर यांची निराळी जोडणी लागते. रे स्कॉट यांनी १९६७ मध्ये आर्कान्सासमधील बीव्हर लेकवर स्पर्धा भरवली. पुढे हा खेळ व्यावसायिक झाला, तशी ही विभागणी अधिक बारीक होत गेली.

रॉडचे दोन गुण पाहतात. पहिला ताकद, म्हणजे वाकवायला किती जोर लागतो; दुसरा वाक, म्हणजे तो कुठून वाकतो. ‘फास्ट’ रॉड शेंड्याकडे वाकतो, ‘मॉडरेट’ जवळजवळ मध्यापर्यंत. नवखे लोक लांबीपासून निवड सुरू करतात. सुरुवात गळापासून करणे अधिक योग्य. जाड, एकेरी गळ बासच्या टणक जबड्यात रुतवायला जोरदार हिसका लागतो. बारीक तिहेरी गळ मात्र सहज टोचतो आणि तितक्याच सहज निसटतो.

क्रँकबेट हे याचे सर्वांत बोलके उदाहरण. पुढच्या पट्टीमुळे हे आमिष ओढताच खाली जाते व थरथरते. त्याला दोन तिहेरी गळ असतात. बास तोंड झटकन उघडून पाण्यासकट भक्ष्य आत खेचतो. रॉड ताठ असेल, तर आमिष पुरते आत जाण्याआधीच ओढले जाते. म्हणून येथे ७ फुटी, मॉडरेट वाकाचा रॉड घेतात. ग्रॅफाइटचे रॉड हलके व संवेदनशील असूनही या कामासाठी फायबरग्लास किंवा मिश्र बांधणीचे रॉड टिकून राहिले, ते याच कारणाने. मासा उसळी मारून डोके झाडतो, तेव्हा हा वाक दोर ताणलेला ठेवतो. सोबत १० ते १२ पौंडी, म्हणजे तेवढा ताण सोसणारा, फ्लुरोकार्बन (एक प्रकारचे प्लास्टिक) दोर आणि ५:१ ते ६:१ गुणोत्तराचे रीळ. ६:१ म्हणजे हँडलच्या एका फेऱ्यात दोराची फिरकी सहा वेळा फिरते. खोल जाणारे क्रँकबेट हाताला जड लागते. कमी गुणोत्तराच्या रिळाने ते ओढताना मनगट थकत नाही.

जिग (शिशाचे डोके असलेला गळ) व टेक्सास रिग (गळाचे टोक लपवलेले मऊ रबरी आमिष) यांत गणित उलटते. आमिष तळावर जवळजवळ स्थिर असते आणि मासा ते घेऊन पुढे येतो, त्यामुळे दोर ढिला पडतो. तो पटकन गुंडाळून हिसका द्यायला ७:१ किंवा त्याहून वेगवान रीळ आणि मीडियम-हेवी (मध्यमाहून जास्त ताकदीचा), फास्ट रॉड लागतो. चाहूल बारीक असते. कोकणात हातगरीने गरवणाऱ्याला बोटावरच्या तंगुसातून जे कळते, ते येथे रॉडच्या शेंड्यातून कळावे लागते. बुडालेल्या झाडोऱ्यात जवळूनच आमिष अलगद सोडण्याच्या ‘फ्लिपिंग’ पद्धतीला साडेसात ते आठ फुटी हेवी रॉड वापरतात. कॅलिफोर्नियाच्या डी थॉमस यांनी १९७५ मध्ये आर्कान्सासच्या बुल शोल्स जलाशयावरील स्पर्धा या पद्धतीने जिंकली आणि ती देशभर पसरली. शेवाळावरून सरकणाऱ्या रबरी बेडकासाठी तर ५० ते ६५ पौंडी विणीचा दोरच हवा. तो ताणला जात नाही आणि मासा शेवाळासकट बाहेर खेचता येतो.

या सर्वांत बेटकास्टर रीळ वापरतात. त्याची फिरकी फेकताना स्वतः फिरते व अंगठ्याने आवरावी लागते. अंगठा चुकला की गुंता. हलक्या आमिषात ती फिरवण्याइतके वजन नसते. तेथे स्थिर फिरकीचे स्पिनिंग रीळ लागते. ड्रॉप शॉट हे त्याचे खास क्षेत्र : शिसे खाली, बारीक गळ वर, ६ ते ८ पौंडी दोर, मीडियम-लाइट रॉड. ही पद्धत अमेरिकेत रुजली ती जपानमधून. तेथे बास १९२५ साली ‘आशी’ नावाच्या सरोवरात सोडला गेला होता.

दोर चुकला, तर उत्तम जोडणीही वाया जाते. फ्लुरोकार्बन बुडतो, म्हणून पाण्यावर चालणाऱ्या आमिषाचे तोंड तो खाली ओढतो. तेथे नायलॉनचा दोर बरा. रॉडही थोडा आखूड, साधारण साडेसहा फुटी ठेवतात, कारण शेंडा खाली धरून झटके देताना तो पाण्यावर आपटता कामा नये.

एकच जोडणी घ्यायची असेल, तर ७ फुटी मीडियम-हेवी फास्ट रॉड व सुमारे ७:१ चे बेटकास्टर घ्यावे. जिग, टेक्सास रिग व स्पिनरबेट (फिरत्या चकाकत्या पात्याचे आमिष) त्यावर चांगले चालतात. क्रँकबेटचे मासे काही प्रमाणात सुटतात आणि ड्रॉप शॉट जमत नाही.