पॅकेज म्हणजे उपचार-प्रसंग नव्हे

आरोग्यसेवांचा वापर मोजण्याची चर्चा निघाली की ‘पॅकेज’ आणि ‘उपचार-प्रसंग’ हे दोन शब्द अनेकदा एकाच अर्थाने वापरले जातात. हा गोंधळ समजण्यासारखा आहे, कारण दोन्हींमध्ये तपासण्या, औषधे, शस्त्रक्रिया, खाटेचे दिवस अशा सुट्या सेवा एकत्र बांधून त्यांना एक नाव दिलेले असते. मात्र पॅकेज उपचाराआधी ठरते. एखाद्या शस्त्रक्रियेसाठी किंवा उपचारासाठी रुग्णालयाला सरकारी आरोग्य योजनेकडून किती रक्कम मिळेल, एवढेच ते सांगते. उपचार-प्रसंग नंतर, झालेल्या नोंदींवरून जोडला जातो. त्याची सुरुवात त्या दुखण्यासाठी घेतलेल्या पहिल्या सेवेपासून होते आणि शेवट अखेरच्या सेवेपाशी, मग त्या सेवा कितीही ठिकाणी घेतलेल्या असोत.

घाटंजी तालुक्यातील एखादा सत्तरीचा शेतकरी बंडीवरून पडला आणि त्याचा खुबा मोडला, असे समजू. घरचे लोक त्याला आधी हाड बसवणाऱ्याकडे नेतात. दोन-तीन दिवसांनी दुखणे असह्य झाल्यावर ग्रामीण रुग्णालयात एक्स-रे निघतो, तेथून यवतमाळला आणि पुढे वर्ध्याजवळच्या सेवाग्राम किंवा सावंगीच्या रुग्णालयात जाणे होते, आणि तेथे योजनेतून शस्त्रक्रिया होते. सुट्टी मिळाल्यावर टाके काढणे, जखम चिघळल्यास गावाजवळच्या खाजगी डॉक्टरकडे पट्टी बदलणे, वॉकर विकत घेणे, साधारण सहाव्या आठवड्यात एक आणि तीन महिन्यांच्या सुमारास दुसरा एक्स-रे, व्यायाम, असे हे लांबत जाते. प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेच्या पॅकेजमध्ये दाखल होण्यापूर्वीचे 3 दिवस आणि सुट्टीनंतरचे 15 दिवस धरलेले असतात. म्हणजे सहाव्या आठवड्यातील एक्स-रे, ज्यावरून हाड जुळते आहे की नाही हे कळते, तो या मुदतीच्या बाहेर पडतो. हाड बसवणाऱ्याला दिलेले पैसे आणि वाटेतल्या खाजगी दवाखान्याचे शुल्क पॅकेजच्या हिशेबात येतच नाहीत. पॅकेजनुसार येथे एक दाखला, म्हणजे रुग्णालयात एकदा दाखल होणे, झाला. उपचार-प्रसंगानुसार तीन महिने चाललेले आणि पाच-सहा ठिकाणी विखुरलेले एक दुखणे झाले.

दोन्ही कल्पनांचे मूळही वेगळे आहे. अमेरिकेतील येल विद्यापीठात रॉबर्ट फेटर आणि जॉन थॉम्पसन यांनी रुग्णालयातील दाखल्यांचे निदानानुसार गट पाडण्याची पद्धत विकसित केली, आणि 1983 पासून तेथील मेडिकेअर ही मुख्यतः ज्येष्ठांसाठीची सरकारी विमा योजना त्या गटांवरून रुग्णालयांना पैसे देऊ लागली. आपली पॅकेजे हुबेहूब तशी नाहीत, तरी मोजणीचा भर त्यांतही दाखल्यावरच आहे. उपचार-प्रसंगाची मांडणी जेरी सोलोन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1967 मध्ये केली. 1985 मध्ये मार्क हॉर्नब्रुक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णाला जाणवणारे आजारपण, वैद्यकीय दृष्टीने असलेला रोग आणि त्यासाठी घेतलेले उपचार हे तीन स्वतंत्र प्रसंग मानावेत, असे स्पष्ट केले. ते वेगळेपण मला फार मोलाचे वाटते, कारण रोग चालू असताना उपचार थांबलेले असू शकतात, आणि आपल्याकडे तर ते वारंवार थांबतात.

प्रसंग बांधताना प्रत्येक नोंदीत रुग्णाची ओळख, तारीख, निदान आणि सेवा एवढे तरी असावे लागते. निदान लिहिलेली भेट हा खुंटा मानून औषधे आणि तपासण्या त्याला जोडल्या जातात, कारण औषधाच्या बिलावर निदान नसते. त्यानंतरचा कठीण प्रश्न असतो तो खंडाचा: त्या आजारासाठी किती दिवस कोणतीही सेवा घेतली नाही, तर प्रसंग संपला असे धरावे? गडचिरोलीतील मलेरियाच्या संदर्भात या प्रश्नाचे गांभीर्य लक्षात येते. व्हायवॅक्स या प्रकारच्या मलेरियाचे परजीवी यकृतात दडून राहतात आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा ताप आणतात. ते नष्ट करण्यासाठी प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावे लागते. जुलैत ताप आलेल्या बाईला सप्टेंबरमध्ये पुन्हा ताप आला, तर दाखल्यांच्या मोजणीत त्या दोन सुट्या घटना ठरतात. प्रसंगाच्या मोजणीत खंडाची मर्यादा पुरेशी लांब ठेवली, तर दुसरा ताप पहिल्याशेजारी ठेवून पाहता येतो आणि 14 दिवसांच्या गोळ्या पूर्ण झाल्या होत्या का, हे विचारता येते. तो नव्याने डास चावून आलेला ताप असू शकतो, हे खरे. परंतु किमान प्रश्न तरी उपस्थित होतो. सिकलसेलसारख्या आजन्म आजारात खंडाचा नियम चालतच नाही. तेथे वर्षभराचा काळ एक प्रसंग धरून त्यात वेदनेचे झटके, रक्त देणे, हायड्रॉक्सीयुरिया आणि फॉलिक ॲसिड ही औषधे यांचा एकत्र हिशेब ठेवणे अधिक योग्य ठरते.

येथे एक धोका आग्रहाने नोंदवला पाहिजे. सेवा थांबली म्हणजे रुग्ण बरा झाला, हे गृहीतक विमाधारकांच्या सलग नोंदींवर बऱ्याच अंशी चालून जाते, कारण तेथे गरज असताना सेवा घेण्यात पैशांचा अडथळा तुलनेने कमी असतो. आपल्याकडे निंदण आणि डवरणीच्या दिवसांत, हातात रोकड नसताना आणि कापूस घरी यायला अजून अवकाश असताना, रुग्ण दवाखान्यात जात नाही. दुखणे मात्र अंगावर काढलेले असते. खंडाची मर्यादा 30 दिवस धरली, तर त्याचा एक अपुरा राहिलेला उपचार कागदावर दोन स्वस्त, पूर्ण झालेल्या प्रसंगांसारखा दिसेल, आणि तालुक्यातील सरासरी खर्च कमी आहे म्हणून सेवा काटकसरीने चालली आहे, असा अत्यंत चुकीचा निष्कर्ष निघेल. म्हणून खर्चाच्या आकड्याशेजारी प्रसंग कसा संपला, म्हणजे रुग्ण बरा झाला, दगावला की त्याने उपचार सोडून दिला, हे लिहिल्याशिवाय तो आकडा वापरू नये, असे मला ठामपणे वाटते.

शासनाने रुग्णालयांना किती पैसे दिले, हे तपासायचे असेल तर पॅकेज हेच योग्य एकक आहे. खुबा मोडल्यावर एका कुटुंबाने एकूण कोणत्या सेवा वापरल्या, हे जाणायचे असेल तर ते पुरत नाही. अडचण नोंदींची आहे. सिरोंच्याचा रुग्ण तेलंगणात जातो, धारणीचा मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूरला जातो, आणि गावातील डॉक्टरला रोख दिलेल्या पैशांची पावती बहुधा नसते. 14 अंकी आभा क्रमांक, म्हणजे व्यक्तीचा आरोग्य-ओळख क्रमांक, प्रत्येक ठिकाणी नोंदवला गेला तर जोडणी सोपी होईल. तोपर्यंत प्रसंगातले जास्तीत जास्त कागद रुग्णाच्या घरी खुंटीला टांगलेल्या प्लॅस्टिकच्या थैलीतच सापडतील. सर्वेक्षण करणाऱ्याने ती थैली उघडून चिठ्ठ्या, रिपोर्ट आणि एक्स-रे आधी तारखेप्रमाणे लावावेत, आणि मग दोन तारखांमधल्या प्रत्येक मोठ्या अंतराबद्दल घरच्यांना विचारावे की त्या काळात कोणाकडे गेला होतात, आणि गेला नसाल तर का.