दुष्काळ, टंचाई आणि मधला 'सदृश'

सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात सोयाबीन पाण्याखाली गेलं, नदीकाठच्या रानांतली माती वाहून गेली आणि गावोगावी एकच मागणी निघाली: ओला दुष्काळ जाहीर करा. सरकारचं उत्तर असं, की नियमपुस्तकात 'ओला दुष्काळ' ही संज्ञाच नाही, पण दुष्काळात मिळतात त्या सवलती देऊ. कोरडा असो की ओला, आपल्याकडे मदतीच्या आधी शब्दावर वाद होतो. तो बराच जुना आहे.

मुळात 'दुष्काळ' या शब्दात पाऊस कुठेच नाही. दुस् आणि काळ, म्हणजे वाईट काळ, उलट सुकाळ. 'दुर्भिक्ष' म्हणजे ज्या काळात भिक्षाही मिळणं अवघड, दारी आलेल्याच्या झोळीत पसाभर ज्वारी घालायचीही घराची ऐपत उरत नाही. पाऊस न पडण्याला 'अवर्षण' आणि धान्याचे भाव चढण्याला जुन्या कागदांत 'महर्गता'. पाऊस गेला, भाव चढले, कणग्या रिकाम्या झाल्या, असं हे टप्प्याटप्प्याने यायचं आणि प्रत्येक टप्प्याला आपला शब्द होता. बोलीतल्या 'दुकाळा'ने ते सगळे पोटात घेतले. तेव्हा भाषेच्या बाजूने पाहिलं तर 'ओला दुष्काळ' यात चूक काहीच नाही. पीक बुडून गेलं तोही वाईट काळच.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस सुरू झालेला, बारा वर्षं चालला असं सांगतात तो दुर्गादेवीचा दुष्काळ आणि १७९१-९२ चा कवटीचा दुष्काळ सगळ्यांना ऐकून माहीत आहेत. मला थांबायचं आहे ते १९६३ वर.

१८७६-७८ च्या दुष्काळात लाखो माणसं मेल्यावर इंग्रजांनी 'फॅमिन कोड' आणले. त्यातली मुख्य गोष्ट ही, की दुष्काळ एकदा जाहीर झाला की कामं काढणं आणि माणसं जगवणं हे सरकारचं बांधलेलं काम. मराठवाडा तेव्हा निजामाकडे होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६३ चा कायदा मात्र आपल्यालाही लागू झाला. या कायद्याने राज्यातल्या कायद्यांमधून 'फॅमिन' हा शब्दच वगळला आणि तिथे 'स्कॅर्सिटी' घातला. कारण असं दिलं, की शेतीच्या परिस्थितीवर सरकारची सतत नजर असते, टंचाईची चाहूल लागताच मदत पोचते, त्यामुळे फॅमिन ओढवण्याला आता वावच नाही.

या निर्णयाची बाजू घेणारे म्हणतात, फॅमिन म्हणजे भूकबळी, आणि ते होऊ न देणं हे स्वतंत्र राज्याचं यशच. मला हे पटत नाही. इंग्रजीत भुकेला एक शब्द आणि पाऊस न पडण्याला दुसरा. मराठीत दोन्हींना दुष्काळच. त्यामुळे तिकडे एक शब्द गेला आणि इकडे गावाच्या तोंडी असलेला शब्दच कागदावरून उठला. त्याच्या जागी 'टंचाई' आली. माझी आजी टंचाई म्हणायची ती रॉकेलची, साखरेची.

कायद्याला नऊ वर्षं होतात न होतात तोच १९७२ उजाडलं. आजी खडी फोडायला जायची. बोटांना चिंध्या गुंडाळून, दगड पायाच्या अंगठ्यांत धरून. कामावर सुकडी मिळायची आणि घरी अमेरिकेतून आलेल्या मिलो ज्वारीची तांबडी भाकरी, जी थापताना काठाला चिरायची. त्या वर्षाला ती नुसतं 'बहात्तर' म्हणायची, पुढे काही जोडायची गरज नव्हती. त्या कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

'बहात्तरला खायला नव्हतं, पण विहिरींना पाणी होतं', हे वाक्य मी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०१६ मध्ये कितीदा ऐकलं. शब्द तोच, आतला अर्थ भाकरीवरून घागरीवर आला. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला पोचली. त्याआधीपासूनच तिथे पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी होती. एवढं होऊनही कागदावर होतं 'दुष्काळसदृश परिस्थिती'. प्रकरण न्यायालयात गेलं आणि मे महिन्यात सरकारला शुद्धिपत्रक काढावं लागलं: सुमारे २९ हजार गावांसाठी जिथे 'सदृश' लिहिलंय तिथे 'दुष्काळ' वाचावं.

त्याच वर्षी केंद्राची नवी दुष्काळ संहिता आली. तोवर भिस्त होती पैसेवारीवर: निवडलेल्या रानात चौरस आखायचा, तेवढंच पीक कापून, मळून, तोलून पाहायचं, भरल्या पिकाचा रुपया धरला तर ते पन्नास पैशांच्या आत आलं की गाव दुष्काळी. नव्या संहितेत पावसाचा खंड, उपग्रहातून दिसणारी हिरवळ, मातीतली ओल, भूजल आले. शास्त्र म्हणून हे चांगलंच. पण उभं पीक हिरवं दिसतं आणि शेंगेत दाणा नसतो, हे गावच्या माणसाला चौरस कापताना कळायचं. २०१८ मध्ये आधी १८० तालुके 'दुष्काळसदृश' ठरले, ऑक्टोबरअखेर त्यांतले १५१ 'दुष्काळी' झाले. २०२३ मध्ये राज्यात ४० तालुके दुष्काळी झाले आणि मागोमाग हजारावर महसूल मंडळांना पुन्हा 'सदृश'.

२०२३ ला अधिक श्रावण होता. जुलैच्या मध्यापासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत धोंड्याचा महिना, आणि तो ऑगस्ट देशात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा. 'दुष्काळात तेरावा महिना' ही म्हण त्या वर्षी आमच्या रानात अक्षरशः उभी होती.

२०२५ च्या पंचनाम्यांत पिकाचं नुकसान एकीकडे आणि खरडून गेलेली जमीन दुसरीकडे लिहिली गेली. मदतीचं पॅकेज ३१,६२८ कोटींचं जाहीर झालं, वीजबिल, शेतसारा, परीक्षा शुल्क या दुष्काळातल्या सवलती लागू झाल्या. 'ओला दुष्काळ' हा शब्द मात्र त्या आदेशांत आला नाही, आणि गावात आजही त्या पावसाला दुसरं नाव नाही.