इराण्याचा चहा आणि पारशी जेवण

मागच्या हिवाळ्यात आत्याला घेऊन मुंबईला गेले होते. सोलापूरहून रात्रीची गाडी. सकाळी सीएसएमटीला उतरलो, तोंडावर पाणी मारलं आणि थेट एका इराण्याकडे, म्हणजे इराणी माणसाच्या चहाच्या हॉटेलात, जाऊन बसलो. आत्याच्या डोक्यात गाडीत बसल्यापासून एकच होतं, धनसाक, पारशांचं डाळ-मटण. बँकेत असताना तिच्या शेजारच्या टेबलावर एक पारशी बाई बसायच्या. त्यांच्या डब्यातलं धनसाक तिनं तीसेक वर्षांपूर्वी चाखलं होतं आणि ती चव तिच्या जिभेवर अजून होती. वेटर आला तसं तिनं धनसाक सांगितलं.

"मावशी, चहा, बन मस्का, आम्लेट, खिमा पाव. धनसाक इथे नाही मिळत."

आत्याचा चेहरा पडला. "अगं, पाटीवर तर पारशी नाव आहे ना?" ती माझ्या कानाशी म्हणाली. पाटीवर नाव होतंच तसं, आणि भिंतीवर जरथुस्त्रांची तसबीरही होती. दोष त्या हॉटेलाचा नव्हता. इराणी हॉटेल आणि पारशी जेवण हे आपण एकाच खात्यात टाकतो, तिथे गफलत होते. मुंबई-पुण्याला दोन दिवसांसाठी येणाऱ्या माणसाची त्यात एक सकाळ किंवा एक भूक वाया जाते, म्हणून हा फरक सविस्तर सांगावासा वाटतो.

पारशी लोक, म्हणजे जरथुस्त्राचा धर्म पाळणारे, इराणातून निघून गुजरातच्या किनाऱ्यावर, संजाणला आले ते आठव्या ते दहाव्या शतकाच्या दरम्यान. म्हणजे हजारेक वर्षं झाली. ते गुजराती बोलू लागले, शेती केली, जहाजं बांधली, मग इंग्रजांच्या काळात मुंबईत येऊन मोठे झाले. ज्यांना आपण इराणी म्हणतो ते याच धर्माचे, पण एकोणिसाव्या शतकात आणि विसाव्याच्या सुरुवातीला आलेले. बहुतेक जण यज्द आणि केरमान या भागांतल्या खेड्यांमधले. तिथे जरथुस्त्रींना जिझिया कर भरावा लागे. तो 1882 साली रद्द झाला, त्यासाठी मुंबईच्या पारशांनी पाठवलेले माणेकजी लिमजी हतारिया वर्षानुवर्षं तेहरानच्या दरबारात खेटे घालत होते. छळ, त्यात 1871च्या सुमाराचा भीषण दुष्काळ. माणसं निघाली ती अंगावरच्या कपड्यांनिशी. मुंबईत आल्यावर अनेकांनी आधी पारशी घरांत कामं केली, मग चार पैसे जोडून चहाचं दुकान टाकलं.

कायद्यानं दोघांना एकत्र धरलं आहे. 1908 सालच्या मुंबई उच्च न्यायालयाच्या गाजलेल्या निकालात पारशी कोण हे सांगताना इराणहून आलेल्या जरथुस्त्रींचाही त्यात समावेश केला. अग्यारी म्हणजे अग्निमंदिर एक, नवरोज म्हणजे नववर्षाचा सण एक, लग्नसंबंधही होतात. पण ताटात काय येतं ते मात्र ज्यानं त्यानं आपापल्या वाटेनं ठरवलं.

इराण्यानं हॉटेल काढलं ते रस्त्यावरच्या माणसासाठी. जागा बहुधा इमारतीच्या कोपऱ्यावर. हिंदू दुकानदार कोपऱ्याची जागा अशुभ मानत, त्यामुळे ती स्वस्तात मिळे असं सांगतात. कोपरा म्हणजे दोन रस्त्यांना दोन दारं, उजेड आणि वारा. आत संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या काळपट खुर्च्या, भिंतीभर आरसे, गल्ल्याजवळ बिस्किटांच्या काचेच्या बरण्या. ज्या काळात खाणावळीतसुद्धा जात विचारून पान मांडलं जाई, त्या काळात इराण्याकडे गिरणी कामगार, कारकून, टॅक्सीवाला, कॉलेजातली पोरं सगळी एकाच टेबलाला बसत. कुणी कुणाला आडनाव विचारत नसे. मला इराण्याबद्दल सर्वांत मोठं वाटतं ते हे. बन मस्क्याचा क्रमांक त्यानंतर.

गंमत अशी की इराण्याच्या टेबलावर इराणचं जवळपास काहीच नाही. पाव हा शब्द पोर्तुगीजांचा. दूध-साखर घातलेला चहा इंग्रजी अमदानीतला. इराणात चहा कोरा पितात, साखरेचा खडा दातांत धरून. खिमा, सामोसा, आम्लेट हे सगळं इथल्या बाजारातलं. गिऱ्हाईक जे मागेल आणि ज्याला परवडेल ते इराण्यानं दिलं. म्हणून त्याची यादी छोटी, पटकन येणारी, बिल कमी.

इथे बन आणि ब्रूनचा घोळही निस्तरून टाकू. बन मऊ, किंचित गोड, कधी मनुका असलेला. ब्रून म्हणजे कडक पाव. बाहेरचं कवच बोटानं दाबलं की फुटतं, टेबलभर चुरा होतो, आतला गर मात्र लुसलुशीत. मधोमध चिरून त्यात मस्का इतका भरतात की कडेनं बाहेर येतो. तो चहात बुडवायचा. कपात लोण्याची सोनेरी वर्तुळं तरंगायला लागतात, तिसऱ्या घासाला कवच नरम होतं आणि मग तो चघळायचा की गिळायचा हे ज्यानं त्यानं ठरवावं. आत्यानं ब्रून घेतला, कारण तिला वाटलं ते काहीतरी पारशी असेल. खाल्ल्यावर धनसाकचा विषय दोन तास निघाला नाही.

पारशी स्वयंपाक चौकात वाढलाच नाही. तो घरात आणि लग्नाच्या पंगतीत वाढला. गुजरातेत हजार वर्षं राहिल्यामुळे त्यात गूळ आला, नारळ आला, कोथिंबिरीची हिरवी चटणी आली, केळीचं पान आलं. पातरानी मच्छी म्हणजे पापलेटाच्या तुकड्यांना ही चटणी थापून, केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेले पुडे. कोकणातल्या माणसाला तो वास ओळखीचा वाटेल. आंबटपणासाठी उसाचा सिरका. नवसारीचा कोलाह यांचा सिरका 1885 पासून पारशी घरांत आहे. इराणची आठवण उरली ती मटणात सुका मेवा घालण्याच्या रीतीत. जर्दाळू घातलेलं मटण, वर बटाट्याची काडीसारखी सळी, म्हणजे जर्दाळू सल्ली बोटी. आणि अंडं. पारशी घरात भेंडी, बटाटा, टोमॅटो, कशावरही अंडं फोडून झाकण ठेवतात. त्याला 'पर ईडु' म्हणतात. आकुरी हीसुद्धा पारशी घरातली. ती म्हणजे अंड्याची भुर्जी नव्हे. भुर्जी कोरडी मोकळी करतात, आकुरी ओलसर असतानाच उतरवतात.

लग्नात केळीच्या पानावर 'लगन नु भोणु' वाढतात: गाजर-मनुकांचं गोडसर लोणचं, सारियाचे पापड, मच्छी, चिकन किंवा मटण, पुलाव-दाळ आणि शेवटी जायफळ-वेलची घातलेलं, वरून भाजलेलं कस्टर्ड. हे पंगतीचं जेवण आहे, वेळ काढून जेवायचं. दोन गाड्यांच्या मधल्या अर्ध्या तासात ते होणार नाही.

आता धनसाक. तूर, मसूर अशा डाळी, लाल भोपळा, वांगं, मेथी, मटण हे सगळं एकत्र शिजवून, मटणाचे तुकडे सोडून बाकी घोटून एकजीव करतात. सोबत साखर-कांदा करपवून रंग आणलेला तपकिरी भात, कचुंबर, लिंबू. आपल्या वरणभाताशी त्याचं नातं लगेच कळतं, म्हणून मराठी माणसाला ते पहिल्या घासाला आवडतं. पण हे पदार्थ म्हणून जितकं प्रसिद्ध, तितकंच त्याच्यामागचं बंधन बाहेर अपरिचित. पारशी घरात मृत्यू झाला की तीन दिवस मांसाहार वर्ज्य असतो आणि चौथ्या दिवशी धनसाक करून तो नेम सोडतात. त्यामुळे वाढदिवसाला, लग्नाला, नवरोजला धनसाक करत नाहीत. आपल्याकडे कारल्याची भाजी श्राद्धाला होते, साखरपुड्याला होत नाही, तसंच हे. शुभ दिवशी पारशी घरात साधं वरण-भात आणि कोळंबीचं आंबट-गोड-तिखट पातियो असतं, धान-दार-पातियो. एरवी धनसाक हा रविवार दुपारचा बेत आहे, जेवून झोपायचं. एखाद्या पारशी स्नेह्यानं सणाला घरी बोलावलं तर "धनसाक आहे ना?" असं विचारू नये, एवढं लक्षात ठेवायला हवं.

चहातही फरक आहे. पारशी घरी चहात गवती चहा आणि पुदिना पडतो, वास दारापर्यंत येतो. इराण्याकडचा चहा उकळून दाट केलेला, दुधाळ, गोड. कमी पाण्याचा, आणखी दाट हवा तर "पानी कम" म्हणायचं. हैदराबादची इराणी चाय हे तिसरंच प्रकरण आहे, त्यात आटवलेलं दूध वेगळं घालतात आणि सोबत उस्मानिया बिस्किट. ते मुंबईच्या इराण्याकडे शोधू नये.

मग घोळ होतो कुठे? जिथे मालक इराणी आणि ताट पारशी असतं तिथे. बॅलार्ड इस्टेटमधलं ब्रिटानिया हे याचं ठळक उदाहरण. 1923 सालचं, इराणी कुटुंबाचं. तिथे धनसाकही मिळतं, सल्ली बोटीही मिळते आणि ज्यासाठी लोक लांबून येतात तो बेरी पुलावही. ह्या बेरी म्हणजे झरेश्क, इराणात पुलावात घालतात ती वाळवलेली लाल आंबट फळं. आयुर्वेदातली दारुहळद ज्या कुळातली, त्याच कुळातलं हे झुडूप. माझ्या माहितीतल्या इराणी हॉटेलांत खरोखर इराणी म्हणावा असा पदार्थ हाच, आणि तोही मुंबईत आल्यावर तिखट झाला. अशा जागी जाताना मात्र हे चहाचं हॉटेल नाही, दुपारच्या जेवणाचं आहे, हे धरून चालायचं.

याउलट धोबी तलावजवळचं कयानी, 1904 सालचं, किंवा जवळच असलेलं ससानियन, 1913 सालचं, ही इराण्याच्या जुन्या पठडीतली. इथे सकाळ काढावी. ग्रँट रोड स्टेशनसमोरच्या मेरवानचा मावा केक हवा असेल तर आणखी लवकर उठायला हवं. तो सकाळीच संपतो, हे मी दोनदा रिकाम्या हातानं परतून शिकले आहे.

पुण्यात हा फरक आणखी स्पष्ट दिसतो. डेक्कनवर 1935 सालचं गुडलक, कॅम्पात 1878 सालचं दोराबजी. पहिलं इराण्याचं, आणि तेही जरथुस्त्री नव्हे तर इराणी मुसलमान कुटुंबानं काढलेलं. हा मुद्दा आपण विसरतो, सगळे इराणी हॉटेलवाले पारशांचे धर्मबंधू नव्हते. गुडलकला बन मस्का आणि खिमा. दोराबजीकडे धनसाक आणि बिर्याणी, पारशी माणसाचं ठिकाण. पुण्याच्या पोरांना दोन्हींची सवय असते, बाहेरून आलेला मात्र डेक्कनवर बसून धनसाकची वाट पाहतो.

शाकाहारी माणसं सोबत असतील तर इराण्याकडे अडचण नाही, मस्का-पाव, खारी, चहा यांवर सकाळ निघते. अंडं चालत नसेल तर केक विचारून घ्यावा. पारशी जेवणात भाजीचं धनसाक, रव्याची गोड खीर म्हणजे रवो, एवढं मिळतं, पण तिथलं खरं बळ मटण, मासे आणि अंड्यात आहे, हे आधी सांगितलेलं बरं. पिण्यासाठी लालभडक रास्पबेरी सोडा दोन्हीकडे दिसतो. पालनजींचा 1865 पासूनचा, पुण्यात अर्देशिर यांचा 1884 पासूनचा. गोड फार आहे, दोघांत एक पुरतो.

फोर्ट भागात रविवारी शुकशुकाट असतो, बरीच जुनी हॉटेलं त्या दिवशी बंद असतात किंवा दुपारीच आवरतात. म्हणून निघण्याआधी एक फोन करावा, आणि खिशात सुट्टे पैसे ठेवावेत.

आत्याचं सांगायचं राहिलं. त्या दिवशी दुपारी आम्ही फोर्टातल्या एका पारशी हॉटेलात बारा वाजताच जाऊन बसलो. धनसाक आलं. तिनं आधी भात बाजूला सारला, नुसती डाळ चमच्यानं घेतली आणि डोळे मिटले. मग म्हणाली, "मेथी जास्त आहे. त्यांच्या डब्यात भोपळा जास्त असायचा." त्या बाईंना तिनं तिथूनच फोन लावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "आज कुठला वार? बुधवार? मग रात्री नीट झोप लागेल तुला, पण संध्याकाळची बैठक कुठे असेल तर ती रद्द कर."