न्हावा शेवा बंदरातील कागदविरहित दस्तऐवज व्यवहार

आयात-निर्यातीची कागदपत्रे संगणकप्रणालीतून दाखल करण्याची, तपासण्याची आणि सुरक्षित जपण्याची व्यवस्था. न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ मध्ये सुरू झाले. ते रायगड जिल्ह्यात उरण तालुक्यात असले, तरी त्याच्या कागदोपत्री कामाचा मोठा भाग नवी मुंबईतील सीमाशुल्क दलालांच्या (बोलीभाषेत ‘सीएचए’, म्हणजे आयात-निर्यातदारांच्या वतीने सीमाशुल्काची कामे करणारे) कचेऱ्यांतून उरकला जातो.

एका कंटेनरमागे इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालपावती), उत्पत्ती प्रमाणपत्र असा जुडगा लागतो. पूर्वी तो हातात घेऊन कस्टम हाउसमध्ये टेबलामागून टेबल फिरावे लागे. ‘ई-संचित’ ही कागदपत्रे ऑनलाइन दाखल करण्याची सुविधा २०१८ मध्ये देशभर लागू झाल्यावर ही पद्धत मागे पडली. आता प्रत्येक कागदाची पीडीएफ डिजिटल स्वाक्षरीसह ‘आइसगेट’ या सीमाशुल्क खात्याच्या संकेतस्थळावर चढवतात. प्रणाली तिला स्वतंत्र क्रमांक देते आणि तोच क्रमांक बिल ऑफ एंट्रीत (आयात मालाच्या सीमाशुल्क विवरणपत्रात) नोंदवला जातो. २०२० पासून मूल्यांकनही चेहराविरहित झाले. न्हावा शेव्याला उतरलेल्या मालाच्या कागदपत्रांची तपासणी दुसऱ्या शहरातला अधिकारी करू शकतो. समोर बसून खुलासा करण्याची सोय उरली नाही, म्हणून वर्णनातली मोघम ओळ किंवा अस्पष्ट स्कॅन आता अधिक महागात पडते. दलालांची सॉफ्टवेअरे इन्व्हॉइसमधील तपशील उचलून बिल ऑफ एंट्रीचा मसुदा तयार करतात. आठ अंकी शुल्कवर्गीकरणाची (मालाला शुल्कासाठी योग्य सांकेतांक देण्याची) जबाबदारी मात्र माणसावरच राहते. २०१८ च्या परवाना नियमांनुसार दलालाला नोंदी किमान पाच वर्षे जपाव्या लागतात.

डिजिटल स्वाक्षरीला माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० ची मान्यता आहे. तिची गुप्त किल्ली (सही करण्याचा सांकेतिक संच) यूएसबी टोकन या पेनड्राइव्हसारख्या उपकरणात असते. टोकन दिवसभर सामाईक संगणकाला लावून ठेवणे आणि पिन सर्वांना ठाऊक असणे, ही या व्यवहारातील सर्वांत घातक सवय होय. अशा कचेरीत सही कोणाच्या नावाची आहे एवढेच कळते, ती केली कोणी ते कळत नाही. महागडे अँटिव्हायरस घेऊनही ही उणीव भरून निघत नाही. टोकन धारकाच्याच ताब्यात राहणे आणि प्रत्येक कर्मचाऱ्याला स्वतंत्र लॉगिन मिळणे, हाच त्यावरचा खरा उपाय.

कागद संपल्यावर धोका कोठून येतो, हे २७ जून २०१७ रोजी दिसले. ‘नॉटपेट्या’ हे विध्वंसक सॉफ्टवेअर युक्रेनमधील एका लेखा सॉफ्टवेअरच्या अद्ययावतीकरणातून शिरले आणि मर्स्क या जहाजवाहतूक समूहाच्या जगभरच्या संगणकांत पसरले. त्याच समूहाचे न्हावा शेवा येथील गेटवे टर्मिनल्स इंडिया त्यात सापडले आणि तेथील कंटेनरांची ये-जा विस्कळीत झाली. विंडोजमधील ज्या त्रुटीचा या हल्ल्याने फायदा घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी मार्चमध्ये दिली होती. पण दुरुस्त केलेली यंत्रेही वाचली नाहीत, कारण शेजारच्या संगणकातून चोरलेल्या पासवर्डांवरही तो पुढे सरकत होता. मर्स्कचा घानामधील एक सर्व्हर वीज गेल्यामुळे जाळ्यापासून तुटला होता. त्यावरची नेटवर्कच्या माहितीची प्रत शाबूत राहिली आणि मर्स्कला आपली प्रणाली उभी करताना तिचाच आधार झाला. जाळ्याबाहेर ठेवलेली बॅकअप प्रत लहान दलालालाही परवडते. एक बाह्य हार्डडिस्क आणि ती काम संपताच काढून ठेवण्याची शिस्त पुरते.

सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवणे आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस राखणे बंधनकारक आहे.