पार : वस्तीच्या मध्यावरची बसायची जागा

झाडाच्या बुंध्याभोवती दगडात बांधलेला, बसता येईल इतक्या उंचीचा ओटा म्हणजे पार. वड, पिंपळ, कडुनिंब आणि चिंच ही त्याची नेहमीची झाडे. शहरात याच जागेला कट्टा म्हणतात. चावडी, घाटाच्या पायऱ्या, तालमीपुढचे पटांगण ही त्याची भावंडे. सातारा-सांगलीकडच्या जुन्या गावांची ठेवण पाहिली तर मध्ये पार, देऊळ किंवा पाणवठा आणि त्यांच्याकडे तोंड करून घरे, असे दिसते. आजच्या लेआउटमध्ये हा क्रम उलटा झाला आहे. आधी विकायचे प्लॉट आखले जातात आणि उरलेल्या वाकड्या कोपऱ्याला ‘ओपन स्पेस’ म्हणतात. पार बांधायचा कसा आणि त्याच्याभोवती वस्ती आखायची कशी, हे दोन्ही एकत्रच पाहावे लागते, कारण चांगला पार चुकीच्या जागी ओस पडतो आणि मोक्याच्या जागी बांधलेला वाईट पार झाडच मारतो.

जुनी उदाहरणे

वाईत कृष्णेच्या काठी आळीआळीचा आपला घाट आहे आणि कृष्णाबाईचा उत्सव एकेका घाटावर आळीपाळीने होतो. एका मोठ्या जागेपेक्षा प्रत्येक आळीला चालत दोन-तीन मिनिटांत गाठता येणारी आपली जागा, हे वाईचे खरे शहाणपण. तिथले ढोल्या गणपतीचे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ साली बांधले. त्याची मागची भिंत पुराचे पाणी दुभंगावे म्हणून टोकदार ठेवलेली आहे. नदीकाठच्या सार्वजनिक बांधकामाने पुराशी कसे वागावे, याचा इतका चांगला नमुना जवळपास दुसरा नाही. वाईजवळच्या मेणवलीचा नाना फडणवीसांचा घाटही तसाच, रुंद पायऱ्यांचा. पायरी उतरण्यासाठी असते तशी बसण्यासाठीही असते, हे तिथे कळते.

साताऱ्यात राजवाड्यापुढचे गांधी मैदान संध्याकाळी खाण्याच्या गाड्यांमुळे जिवंत होते. सातारकर त्याला चौपाटीच म्हणतात. ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीचे पहिले उभे रिंगण तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबापाशी होते. नाव झाडाचे आहे, पण महत्त्व त्या झाडापुढच्या मोकळ्या जागेचे आहे. वर्षातून एकदा हजारो माणसे मावतील अशी मोकळीक उरलेले दिवस रिकामी दिसते. ती ‘वाया जाते’ म्हणून मध्ये कारंजे किंवा चबुतरा बांधण्याचा मोह होतो आणि मग पालखी, जत्रा, लग्नाचे मांडव यांना जागाच उरत नाही. पक्के बांधकाम कडेला करावे, मध्य मोकळा ठेवावा.

पारावर कोण बसत नसे

पाराचे गोडवे गाताना एक गोष्ट सोडून चालत नाही. जुना पार सगळ्यांचा नव्हता. दलितांना पार आणि पाणवठा बंद होता. बाबासाहेब आंबेडकरांचे बालपण साताऱ्यात गेले. भाऊ आणि भाच्यांसह साताऱ्याहून गोरेगावला वडिलांकडे जाताना वाटेत रात्रभर पाणी मिळाले नाही, ही १९०१ सालची आठवण त्यांनी लिहून ठेवली आहे. सार्वजनिक जागा स्वागतशील आहे की नाही, हे तिथल्या नळावर कोणकोण पाणी पिते यावरून आजही ओळखता येते. नळ देवळाच्या आवारात नको, रस्त्यालगत उघड्यावर हवा.

बायकांसाठीही पार नव्हता. त्यांची जागा विहिरीवर, घाटावर, पिठाच्या गिरणीपुढे असे, आणि घरोघरी नळ आल्यावर त्यातली पहिली दोन ठिकाणे गेली. त्यांच्या बदल्यात काही मिळाले नाही. गोल पारावर दहा पुरुष रस्त्याकडे तोंड करून बसले की समोरून जाणारी बाई त्या नजरांतून जाते. म्हणून बैठक एकाच वर्तुळात नसावी. पाराच्या एका अंगाला, मुलांच्या खेळण्याजवळ, पाठ टेकायला भिंत असलेली वेगळी बैठक ठेवावी. तिला दोन्ही बाजूंनी बाहेर पडता यावे आणि दुकानातून ती दिसावी. जवळ चालू स्थितीतले स्वच्छतागृह नसेल तर बायका आणि म्हातारी माणसे अर्ध्या तासाच्या वर थांबत नाहीत.

झाड आणि बांधकाम

सर्वांत जास्त चुका इथे होतात. पार बांधून दोन-चार वर्षे झाली की शेंडे वाळू लागतात आणि लोक म्हणतात झाडाला कीड लागली. बहुतेक वेळा कीड नसते. बुंध्याला हात-दीड हात मातीची भर घातलेली असते आणि वरून काँक्रीट ओतलेले असते. मुळांना हवा मिळत नाही आणि मातीत गाडलेली साल कुजते. वड-पिंपळ काही काळ हे सोसतात, चिंच आणि कडुनिंब लवकर खंगतात. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१३ साली दिल्लीतल्या झाडांबाबत बुंध्याभोवतीची एक मीटर जमीन काँक्रीटमुक्त ठेवायला सांगितले. तेवढे अंतर पारासाठी किमान समजावे.

बुंधा एक मीटर जाडीचा असेल तर हिशेब असा बसतो : चारी बाजूंनी एक मीटर मोकळी जमीन, मूळ पातळीलाच, त्यापुढे दीड मीटर रुंदीचा ओटा, एकूण व्यास सहा मीटर. पाया हाताने खणावा, जेसीबी आणू नये. मनगटाएवढे किंवा त्याहून जाड मूळ लागले तर ते तोडायचे नाही, दोन्ही बाजूंना दगड उभे करून वरून लांब दगड टाकायचा आणि मुळाला खालून वाट द्यायची. ओट्याच्या पोटात माती न भरता ४० मिलिमीटरची खडी भरावी, वर वाळूचा थर आणि त्यावर फरशी सुटी मांडावी. बाहेरच्या भिंतीत दर दीड मीटरला पाणी निघायला ७५ मिलिमीटरचा पाइप ठेवावा. आतल्या मोकळ्या वर्तुळात कचरा साठतो, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय आठवड्याला झाडू मारणे हा आहे, काँक्रीट ओतणे हा नव्हे.

ओट्याची उंची ४५ सेंटिमीटर. साठीच्या माणसाला यापेक्षा खालून उठताना गुडघे धरावे लागतात, आणि ६० च्या वर गेले की पाय लोंबकळतात. कडेचा दगड घडीव काळा, कड गोल केलेली, नाहीतर मांडीला कापते. गुळगुळीत ग्रॅनाइट आणि घरातल्या टाइल टाळाव्यात. महाबळेश्वर, जावळी, पाटणच्या पावसात त्यांवर शेवाळ धरते आणि पाय सरकतो. फरशीला ५० ला एक असा उतार पुरतो. चाकाची खुर्ची वर न्यायची तर १२ ला एक उतार हवा, म्हणजे ४५ सेंटिमीटरसाठी ५.४ मीटर लांबीचा रॅम्प. तो आधी नकाशात धरला नाही तर शेवटी दोन मीटरची घसरगुंडी बांधली जाते आणि तिचा उपयोग मुलांनाच होतो.

कृष्णाकाठच्या काळ्या मातीत आणखी एक खोड आहे. ती पावसाळ्यात फुगते, चैत्रात भेगाळते, आणि उथळ पायाची भिंत दोन वर्षांत तडकते. मुळे नसतील तिथे ६० सेंटिमीटर काळी माती काढून मुरूम भरून धुमसावा. मुळे असतील तिथे भिंत सलग न बांधता तीन-तीन मीटरच्या तुकड्यांत, मध्ये बोटभर फट ठेवून बांधावी. मग भेग पडते ती त्या फटीतच.

नवीन झाड लावायचे असेल तर लहान वस्तीत करंज, कडुनिंब, बकुळ बरे. वडाला मोठी जागा लागते. गुलमोहर लावू नये : मुळे उथळ, लाकूड ठिसूळ, वळवाच्या वादळात फांदी कोसळते. साताऱ्या-सांगलीत मेच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास दुपारचा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी सावली हवी तर बैठक पानांच्या घेराखालीच असावी लागते. संध्याकाळचे ऊन मात्र पश्चिमेकडून तिरके येते आणि लोक याच वेळी येतात, म्हणून पश्चिमेला एक झाड जास्त लावावे. रोप तयार होईपर्यंतची वर्षे बांबूच्या मांडवावर काढावी लागतात.

वटपौर्णिमेला बायका फेरे घालतात. त्यासाठी कडेला बसणाऱ्यांच्या पाठीमागून सलग मीटरभर वाट हवी. दीड मीटरचा ओटा म्हणूनच धरला आहे. सुती दोरा पावसात कुजून गळतो. हल्ली नायलॉनचा येतो, तो कुजत नाही आणि झाड जाड होत जाते तसा सालीत रुतत जातो. पौर्णिमेनंतर आठवड्याने तो कात्रीने उतरवावा. फ्लेक्ससाठी ठोकलेले खिळेही त्याच दिवशी काढावेत.

येण्याचे कारण

न्यूयॉर्कमधल्या मोकळ्या जागांत माणसे कुठे बसतात हे शहरांचे अभ्यासक विल्यम व्हाइट यांनी १९७० च्या दशकात कॅमेरा लावून पाहिले. त्यांना दिसले ते एवढेच : जिथे बसायला जागा असते तिथे माणसे बसतात. १९७५ साली त्या शहराने अशा मोकळ्या जागांसाठी दर ३० चौरस फुटांमागे एक फूट लांबीच्या बैठकीचा नियम केला. हा हिशेब आपल्याकडे लावून पाहण्यासारखा आहे. १२ बाय १८ मीटरचा चौक म्हणजे सुमारे २,३२५ चौरस फूट. त्याला साधारण ७७ फूट, म्हणजे २३-२४ मीटर बैठक लागते. सहा मीटर व्यासाचा पार त्यातले १९ मीटर एकटा देतो. माणशी ६० सेंटिमीटर धरले तर तीस माणसे. उरलेले पाच मीटर दोन-तीन बाकांत भागतात.

पण बैठक झाली म्हणजे लोक आले असे नाही. रोज घराबाहेर काढणारे काम पाराजवळ असावे लागते. आपल्या गावांत हे काम दूध डेअरी करते. सकाळ-संध्याकाळ किटल्या घेऊन माणसे येतात, नंबर लागेपर्यंत थांबतात, बोलतात. पिठाची गिरणी, किराणा, एसटीचा थांबा, चहाचा गाडा, अंगणवाडी यांतली किमान दोन ठिकाणे पारापासून ३० मीटरच्या आत हवीत आणि त्यांच्या वेळा वेगळ्या हव्यात. तालुक्याच्या गावी बागा बांधल्या जातात, कुंपण घातले जाते, फाटक सकाळी दोन तास आणि संध्याकाळी तीन तास उघडते. दुपारी शाळा सुटल्यावर मुलांना कुलूप दिसते. याहून मोठा अपव्यय नाही.

अनोळखी माणसांत बोलणे सुरू व्हायला निमित्त लागते. मंडळाचा वार्ताफलक हे उत्तम निमित्त आहे, रोज लिहिला गेला तर. फलक डोळ्यांच्या उंचीवर, खाली दिवा आणि समोर चार माणसे उभी राहतील इतकी जागा.

कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने २०२२ साली संध्याकाळी सातला भोंगा वाजवून दीड तास मोबाइल आणि टीव्ही बंद ठेवायचा ठराव केला. तो मुलांच्या अभ्यासासाठी होता, पण गावाने एकत्र ठरवलेली वेळ जागेइतकेच काम करू शकते, हे त्यातून दिसले.

वस्तीची आखणी

महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे ०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये १० टक्के जागा खुली ठेवावी लागते. टक्केवारी पाळली जाते. जागा मात्र ओढ्याकडेची, उताराची, किंवा मागच्या भिंतींनी घेरलेली निघते. नकाशा काढताना पहिली रेघ या दहा टक्क्यांची असावी. ती दोन रस्त्यांच्या भेटीवर असावी, भोवतीच्या किमान तीन बाजूंच्या घरांची दारे तिच्याकडे उघडावीत, आणि त्या बाजूच्या कंपाउंडच्या भिंती मीटरभरच उंच असाव्यात. स्वयंपाकघराच्या खिडकीतून चौक दिसला तर मूल एकटे खेळायला सोडता येते.

चौक मोठा करण्याची हौस आवरावी. समोरच्या माणसाचा चेहरा साधारण २५ मीटरपर्यंत ओळखू येतो. त्याहून रुंद जागेत ओळखीची माणसेही परक्यासारखी वावरतात. पन्नास-साठ घरांना १२ बाय १८ मीटर पुरते.

दुचाक्या हा मोठा शत्रू आहे. पारापर्यंत रस्ता सपाट असला की आठवड्यात पाराभोवती मोटारसायकलींचे कडे पडते आणि बसायला वाट उरत नाही. खांब रोवून त्या अडत नाहीत, कारण चाकाची खुर्ची जाईल तिथून मोटारसायकलही जाते. वीस-पंचवीस पावलांवर सावलीत वेगळा स्टँड आखून दिला तर बऱ्याच थांबतात.

दिव्यांचेही असेच. बारा मीटरचा हायमास्ट झाडाच्या वर प्रकाश टाकतो आणि पारावर पानांची गडद सावली पडते. चार मीटरचे, पिवळसर प्रकाशाचे तीन खांब फांद्यांच्या खाली बसवले की चेहरे दिसतात.

आधी खुर्च्या, मग दगड

निधी येण्याआधी पंधरा दिवस तात्पुरती मांडणी करून पाहावी. मांडववाल्याकडून तीस-चाळीस खुर्च्या आणाव्यात, फक्कीने कडा आखाव्यात, बांबूवर हिरवी जाळी ताणावी. एक साधा दिवस आणि एक बाजाराचा दिवस, सकाळी सात, अकरा, दुपारी चार आणि रात्री आठ वाजता मोजदाद करावी : किती बसले, त्यांत बायका किती, मुले किती, म्हातारी माणसे किती. रात्री खुर्च्या उचलण्याआधी त्या कुठे सरकल्या आहेत ते कागदावर टिपावे. लोक खुर्ची सावलीकडे ओढतात, भिंतीकडे ओढतात, गटारापासून दूर नेतात. नकाशातली बैठक तिथेच न्यावी. बायकांचा आकडा चारही वेळी एकतृतीयांशाच्या खाली राहिला तर जागा किंवा मांडणी बदलावी, बांधकाम सुरू करू नये.

पूर

सांगलीत आयर्विन पुलापाशी ४० फुटांना इशारा आणि ४५ फुटांना धोका मानतात. २०१९ साली पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पूररेषेतल्या पारावर लाकडी बाके, नटबोल्टची खेळणी आणि जमिनीलगतचे वीजजोड ठेवू नयेत. दिव्यांची पेटी खांबावर उंच असावी. बांधकाम भरीव दगडाचे, प्रवाहाला आडवी भिंत नसलेले. पाणी ओसरताना गाळ ओला असतानाच पंपाने धुऊन नदीकडे ढकलावा. दोन उन्हे लागली की तो विटेसारखा घट्ट होतो आणि फावड्याने काढताना फरश्या निघतात. पाइपांची तोंडे गजाने मोकळी करावीत. महिन्याभराने ओट्याच्या सांध्यांतून पिंपळाची रोपे डोकावू लागतात. ती बोटभर असतानाच मुळासकट उपटावीत, पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहिली तर दगड सरकल्याशिवाय निघत नाहीत.