रसायनशास्त्राच्या पदवीचा ताळेबंद : दोनशे वर्षांची पार्श्वभूमी

रसायनशास्त्र शिकण्यासाठी झालेला खर्च पुढे पगारातून भरून निघतो का, हा प्रश्न विचारायचा तर त्या विषयाचे स्वतंत्र शिक्षण असावे लागते आणि ते घेतलेल्या माणसाला पगार देणारा कोणीतरी असावा लागतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या दोन्ही गोष्टी जवळजवळ नव्हत्याच. रसायनशास्त्र तेव्हा वैद्यक आणि औषधनिर्मिती यांच्या आश्रयाने शिकवले जाई. विद्यार्थी व्याख्यान ऐकत, प्रयोग दुरून पाहत, आणि ज्याला प्रत्यक्ष हाताने काम शिकायचे असेल तो एखाद्या औषध बनवणाऱ्याकडे उमेदवारी करी. तेथे खर्च होता तो कोवळ्या वयातील काही वर्षांचा, आणि कमाई म्हणजे स्वतःचे दुकान.

हे चित्र बदलण्याचे श्रेय बहुधा जर्मन रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांना दिले जाते आणि ते बऱ्याच अंशी योग्यच आहे. १८२४ मध्ये, वयाच्या अवघ्या २१ व्या वर्षी, ते जर्मनीतील गीसेनच्या विद्यापीठात रुजू झाले आणि वापरात नसलेल्या लष्करी बराकीच्या पहारेघरात त्यांनी आपली प्रयोगशाळा थाटली. विद्यापीठाकडून मिळणारी रक्कम इतकी अपुरी होती, की साहित्यासाठी त्यांना स्वतःच्या मिळकतीत हात घालावा लागे. १८३१ मध्ये त्यांनी कार्बनचे प्रमाण मोजण्यासाठी काचेच्या पाच फुग्यांचे एक साधे उपकरण तयार केले आणि सेंद्रिय पदार्थाचे जे विश्लेषण तोवर मोजक्या निष्णातांनाच जमत असे, ते सामान्य कुवतीच्या विद्यार्थ्याच्याही आवाक्यात आले. शिक्षणाच्या अर्थकारणात या उपकरणाचे महत्त्व क्वचितच ध्यानात घेतले जाते. त्याच्यामुळे एक प्राध्यापक एकाच वेळी अनेकांना संशोधनाला बसवू शकला आणि रसायनतज्ज्ञ मोठ्या संख्येने घडवणे शक्य झाले. मात्र विद्यार्थ्यागणिक ओटा, भट्टी, काचसामान आणि रसायने लागत असल्यामुळे हा विषय तेव्हापासूनच महागडा ठरला, आणि तो खर्च कोणी उचलायचा हा वादही तेव्हापासूनचाच आहे.

लंडनमध्ये या वादाचे एक वेगळे उत्तर शोधण्यात आले. १८४५ मध्ये खासगी वर्गण्यांच्या आधारे तेथे रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्री स्थापन झाले आणि लीबिग यांचे शिष्य ऑगस्ट विल्हेल्म होफमान यांच्याकडे त्याची सूत्रे देण्यात आली. वर्गणीदारांना शेतीत, खाणींत, कारखान्यांत तत्काळ लाभ हवा होता. तो दिसेना तेव्हा देणग्या आटल्या आणि १८५३ मध्ये संस्था सरकारी खाणकाम विद्यालयात विलीन करावी लागली. त्याच वर्षी १५ वर्षांचा विल्यम पर्किन तेथे दाखल झाला होता. १८५६ च्या ईस्टरच्या सुटीत, घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत क्विनीन बनवण्याच्या खटपटीत असताना, त्याच्या हाती जांभळा रंग लागला. होफमान यांची नाराजी पत्करून त्याने शिक्षण सोडले, वडिलांनी आपली बहुतेक सारी शिल्लक तो रंग बनवण्याच्या कारखान्यात घातली, आणि १८७४ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, पर्किन यांना व्यवसायातून निवृत्त होण्याइतकी संपत्ती मिळालेली होती. रसायनशास्त्राच्या शिक्षणातून लाभ होतो याचा दाखला म्हणून हीच कथा नेहमी सांगितली जाते. वास्तविक ती भांडवलाची, पेटंटची आणि नशिबाची कथा आहे. प्रयोगशाळेच्या ओट्यावरच्या तीन वर्षांचा वाटा तिच्यात असला, तरी पदवीचा नाही.

पदवीला बाजारभाव आला तो जर्मनीत. बायर आणि होएक्स्ट हे रंगांचे कारखाने १८६३ मध्ये आणि बीएएसएफ १८६५ मध्ये सुरू झाले. पर्किन यांचा शोध योगायोगाचा होता, पण १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठेच्या मुळांतील अलिझारिन हा लाल रंग रचनेच्या ज्ञानावरून तयार करून दाखवला, तेव्हा रंग शोधण्याचे काम नियोजनपूर्वक करता येते हे कारखानदारांना उमगले. १८७७ च्या पेटंट कायद्याने नव्या प्रक्रियेला संरक्षण दिले आणि शोध लावण्यासाठी माणसे पगारावर ठेवणे परवडू लागले. कार्ल डुइसबर्ग यांच्यासारखे तरुण डॉक्टरेटधारक बायरमध्ये आले ते याच काळात. कृत्रिम नीळ बाजारात आणण्यासाठी बीएएसएफला १८९७ पर्यंत वाट पाहावी लागली, आणि इतकी वर्षे वाट पाहू शकणाऱ्या उद्योगालाच शेकडो रसायनतज्ज्ञ पोसता येतात.

येथेच या पदवीच्या पुढील साऱ्या हिशेबावर परिणाम करणारा एक वाद झाला. डॉक्टरेट मिळवलेल्या उमेदवारांची तयारी विद्यापीठागणिक वेगवेगळी असल्याने रसायनतज्ज्ञांसाठी सरकारी परीक्षा असावी, असा आग्रह डुइसबर्ग आणि उद्योगातील इतरांनी धरला. प्राध्यापकांना सरकारचा हस्तक्षेप नको होता. अखेर १८९७ मध्ये प्रयोगशाळाप्रमुखांनी संघटना स्थापून स्वतःचीच एक मध्यवर्ती परीक्षा सुरू केली. ती उत्तीर्ण होणे हे शिक्षणाचे टोक नव्हते, तर डॉक्टरेटकडे जाण्याचा टप्पा होता. त्यामुळे जर्मनीत डॉक्टरेट हीच उद्योगात प्रवेश करण्याची रूढ पात्रता ठरली आणि आजही तेथील रसायनशास्त्राचे बहुसंख्य विद्यार्थी तेथवर जातात. ज्या देशांत तीन-चार वर्षांची पहिली पदवी हीच पूर्ण शिक्षण मानली गेली, तेथे मात्र पदवीधराच्या हाती नियमित चाचण्यांचे काम आणि डॉक्टरेटधारकाच्या हाती संशोधनाचा निर्णय अशी विभागणी झाली.

दुसरी फूट अमेरिकेत पडली. १८८८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत रासायनिक अभियांत्रिकीचा स्वतंत्र अभ्यासक्रम सुरू झाला, आणि ज्याला कारखाना चालवायचा आहे त्याला डॉक्टरेटशिवाय चांगल्या पगाराचा जवळचा रस्ता मिळाला. आज रसायनशास्त्राच्या पदवीची तुलना जेव्हा रासायनिक अभियांत्रिकीशी होते आणि बहुधा ती पगारात उणी ठरते, तेव्हा त्यामागे ही जुनी वाटणी असते. बीएएसएफचे कार्ल बॉश यांनी मात्र रसायनशास्त्रात डॉक्टरेट मिळवण्यापूर्वी धातुशास्त्र आणि यंत्रशास्त्र यांचेही शिक्षण घेतले होते, आणि रसायनशास्त्रज्ञ फ्रिट्झ हाबर यांची अमोनिया बनवण्याची प्रक्रिया १९१३ मध्ये जर्मनीतील ओपाऊच्या कारखान्यात उभी राहिली ती हे दोन्ही पाय असल्यामुळेच.

मॅसॅच्युसेट्सच्या त्याच संस्थेतील एक प्रसंग येथे नोंदवावासा वाटतो. एलन स्वालो यांना १८७० मध्ये रसायनशास्त्रासाठी प्रवेश देताना शुल्क माफ करण्यात आले. आपल्या बेताच्या परिस्थितीमुळे ही सवलत मिळाली, असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात, स्त्रीच्या प्रवेशावर कोणी आक्षेप घेतलाच तर ती आमच्या विद्यार्थ्यांच्या पटावर नाही असे सांगता यावे, म्हणून ती तजवीज होती. १८७३ मध्ये त्यांनी पदवी मिळवली आणि पुढे अनेक वर्षे स्त्रियांसाठीच्या प्रयोगशाळेत वेतन न घेता शिकवले. खर्च शून्य आणि वेतनही शून्य, असा हा हिशेब कोणत्याही सूत्रात बसत नाही.

दुसऱ्या महायुद्धानंतर खर्चाचा भार काही काळ विद्यार्थ्याच्या खांद्यावरून उतरला. अमेरिकेत माजी सैनिकांसाठीच्या १९४४ च्या कायद्याने आणि स्पुटनिक या सोव्हिएत उपग्रहाच्या उड्डाणानंतर आलेल्या १९५८ च्या संरक्षण शिक्षण कायद्याने सरकारी पैसा विज्ञानशिक्षणाकडे वळला. मूलभूत संशोधनातून आलेल्या नायलॉनच्या यशानंतर मोठ्या कंपन्यांचा मूलभूत संशोधनावरील विश्वासही वाढलेला होता. शिक्षण ही गुंतवणूक आहे आणि तिचा परतावा मोजता येतो, ही मांडणी थिओडोर शुल्ट्झ आणि गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञांनी याच सुमारास, १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात केली. शिकताना न मिळालेला पगार हाही खर्चच, ही त्यांची गोष्ट रसायनशास्त्राला विशेष लागू पडते, कारण प्रात्यक्षिकांनी भरलेल्या आठवड्यात अर्धवेळ नोकरीला फारशी जागा उरत नाही. १९७३ मध्ये अर्थशास्त्रज्ञ मायकेल स्पेन्स यांनी त्यावर वेगळाच प्रकाश टाकला: मालक पगार मोजतो तो शिकलेल्या विद्येसाठीच असे नाही, तर अवघड पदवी पार पाडणारा माणूस चिकाटीचा असणार या अंदाजासाठीही मोजतो. रसायनशास्त्राचे पदवीधर वित्तक्षेत्रात किंवा पेटंटच्या कामात का घेतले जातात, याचे उत्तर काही अंशी येथे मिळते.

भार पुन्हा विद्यार्थ्याकडे सरकला तो इंग्लंडमध्ये सर्वांत स्पष्ट दिसतो. तेथे १९९८ मध्ये वार्षिक १,००० पौंड शुल्क लागू झाले, २००६ मध्ये त्याची कमाल मर्यादा ३,००० आणि २०१२ मध्ये ९,००० पौंड झाली. ही मर्यादा सर्व विषयांना सारखीच होती, पण प्रयोगशाळेचा विषय शिकवण्याचा संस्थेला येणारा खर्च मात्र व्याख्यानांवर चालणाऱ्या विषयापेक्षा पुष्कळ जास्त. म्हणजे विद्यार्थ्याच्या बाजूने पाहिले तर तेवढ्याच पैशात रसायनशास्त्र अधिक देते, आणि संस्थेच्या बाजूने पाहिले तर तो विभाग तोट्याचा ठरतो. किंग्ज कॉलेज लंडन आणि एक्सेटर या विद्यापीठांनी या शतकाच्या पहिल्या दशकात आपले रसायनशास्त्र विभाग बंद केले, त्यामागे विद्यार्थिसंख्येइतकाच हा हिशेबही होता.

नोकरीच्या बाजूलाही घसरण झाली. पूर्वी पदवीधर हाताने करीत असलेले विश्लेषण वर्णपटमापक आणि क्रोमॅटोग्राफीची (मिश्रणातील घटक वेगळे करणारी) यंत्रे करू लागली. औषधकंपन्यांच्या विलीनीकरणांत संशोधनकेंद्रे गळाली. फायझरने इंग्लंडमधील सँडविच येथील आपले मोठे संशोधनकेंद्र गुंडाळण्याचा निर्णय २०११ मध्ये जाहीर केला. तेथे नोकरी गमावलेल्यांत डॉक्टरेटधारकही होते, म्हणजे वरची पायरीही सुरक्षित राहिली नव्हती. त्या पायरीची किंमतही वेगळ्या चलनात मोजावी लागते. अमेरिकेत डॉक्टरेटच्या विद्यार्थ्याला बहुधा शुल्क भरावे लागत नाही. अध्यापन वा संशोधनातील साहाय्याच्या बदल्यात त्याला विद्यावेतन मिळते, आणि साधारण पाच-सहा वर्षे पूर्ण पगाराऐवजी तेवढ्यावरच भागवावे लागते. पहिल्या पदवीचा खर्च शुल्कपत्रकात छापलेला असतो, या वर्षांचा नसतो.